फर्स्ट पीयूची बायोलॉजी: ‘इंग्रजी जमेना’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून, हा खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी मुलांचा रस्ता. पहिल्या टेस्टचे पेपर हातात पडले की घरी एकच निदान होतं, ‘पोराला इंग्रजी जमेना.’ मला हे निदान बहुतेक वेळा चुकीचं वाटतं. पेपर उघडून बघा. स्पेलिंग चुकलेली असतात खरी, पण मार्क तिथे गेलेले नसतात. ‘पाणी पेशीतून बाहेर जातं’ एवढं लिहून पोरगं थांबलेलं असतं. कुठून कुठे, कशामुळे, पुढे पेशीचं काय झालं, यातलं काहीच नसतं. हेच मराठीत विचारलं तरी सांगता येत नसेल, तर इंग्रजीचा क्लास लावून काय उपयोग?

पीयूसीला आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बॉटनी-झूलॉजीत पुन्हापुन्हा होणाऱ्या चुका खाली दिल्या आहेत.

स्लाईडमध्ये काहीच दिसत नाही

सगळ्यात जास्त रडारड कांद्याच्या मुळाच्या टोकावरून, म्हणजे मायटोसिसच्या (पेशीविभाजनाच्या) प्रॅक्टिकलवरून होते. शेजारच्याच्या स्लाईडमध्ये क्रोमोसोम (गुणसूत्रं) दिसतात, आपल्याला नुसत्या विटा. बिघाड कुठे आहे हे स्लाईडच सांगते.

लांबट, एकसारख्या, रिकाम्या पेशी दिसत असतील तर तुकडा वरच्या भागातला आलाय. विभाजन चालतं ते मूळटोपीच्या लगेच मागे, शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. रंग दिल्यावर हा भाग उरलेल्या मुळापेक्षा गडद होतो. गडद टोक ठेवा, बाकीचं मूळ काढून टाका. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात, कारण टोक इतकं बारीक असतं की ब्लेडला चिकटून निघून जातं.

पेशी एकावर एक चढून काळा गोळा झाला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची पायरी घाईत उरकली आहे. पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. १ नॉर्मल आम्लात हलकं गरम केल्यावरच तो जोड सैल होतो. मग कव्हरस्लिपवर सुईच्या मागच्या टोकाने हलके टोले द्यायचे, वर ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाईड गेली.

फिका रंग म्हणजे ॲसिटोकार्मिनला, म्हणजे क्रोमोसोम रंगवणाऱ्या द्रावणाला, वेळ दिला नाही. स्लाईड ज्योतीवरून नुसती फिरवायची असते. उकळी फुटेपर्यंत धरली तर रंग आटतो आणि पेशी करपतात. मुळं फिक्स करायचं मिश्रण, १ भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोल, ताजंच लागतं. त्यात मुळं २४ तास ठेवून पुढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये साठवतात. घरून मुळं वाढवून आणायला सांगितलं असेल तर कांद्याचा फक्त तळ पाण्याला टेकवा. अर्धा कांदा बुडवला तर मुळांआधी वास येईल.

आणि सगळं नीट जमूनही शंभरातल्या दोन-चार पेशीच विभागताना दिसल्या तर? तर तुमची स्लाईड चांगली आहे. पेशी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांमधल्या टप्प्यात, काढते. माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं तर प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. म्हणून स्लाईड हळूहळू सरकवत शोधावं लागतं. सीनियरच्या रेकॉर्डवरून चारही अवस्था एकाच गोलात सुबक काढून आणल्या, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ‘ॲनाफेज कुठाय, दाखव’ म्हटल्यावर फजिती ठरलेली. कांद्यात १६ क्रोमोसोम असतात हे पाठ असतं, पण ॲनाफेज या अवस्थेत दोन्ही टोकांकडे १६-१६ जाताना बघितलेले नसतात. मग विभाजनानंतर किती, या प्रश्नाला ‘८’ असं उत्तर येतं. ते मायोसिसचं, म्हणजे क्रोमोसोम निम्मे करणाऱ्या विभाजनाचं, उत्तर झालं.

कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल वेगळं, तिथे विभाजन शोधत बसू नका. त्या पापुद्र्याच्या आकृतीत हिरवे क्लोरोप्लास्ट काढणारेही दर वर्षी असतात. कांदा जमिनीत वाढतो, पापुद्रा पांढरा असतो, त्यात क्लोरोप्लास्ट नसतात. पुस्तकातली ‘वनस्पती पेशी’ डोक्यात ठेवून समोरचं न बघता काढलेली ही आकृती. काळ्या जाड कडेचा गोल पेशी म्हणून रंगवणाऱ्यांचंही तेच, तो हवेचा बुडबुडा असतो. कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून सुईने हळूच सोडली की बुडबुडे येत नाहीत. मायक्रोस्कोप मात्र नेहमी कमी पॉवरवर आधी फोकस करायचा. ४० एक्सवर मोठा स्क्रू फिरवणाऱ्याने स्लाईड फोडलेली आहे असंच लॅब असिस्टंट धरून चालतात.

रताळं मूळ की खोड?

बेळगाव-खानापूर भागात रताळ्याचं पीक ज्यांच्या घरी आहे, त्यांनीही परीक्षेत हे उलटं लिहिलं की वाईट वाटतं. ‘रताळं मूळ, बटाटा खोड’ ही ओळ घोकली की पेपरमध्ये अदलाबदल होतेच. बटाटा हातात घ्या. त्याचे डोळे म्हणजे खवल्यासारख्या पानांच्या बेचक्यातल्या कळ्या. कळ्या पेरांवर येतात आणि पेरं खोडालाच असतात. बियाण्याचा बटाटा कापताना प्रत्येक फोडीला डोळा ठेवतात, ते का, हे वडिलांना विचारा. रताळ्यावर अशी पेरं नसतात. लावण वेलाच्या तुकड्यांची करतात.

‘पण सर, रताळ्यालाही कोंब फुटतात की!’ फुटतात. ते ठरलेल्या पेरांवरून येत नाहीत, मुळावर कुठेही तयार झालेल्या आगंतुक कळ्यांमधून येतात. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी तरी अर्धा मार्क जास्त देईन.

पुढे सेकंड पीयूला उत्क्रांतीच्या धड्यात हीच जोडी परत भेटते. काम एकच, अन्न साठवणं. अवयवांचा उगम वेगळा. म्हणून ही समकार्यी अवयवांची जोडी. माणसाचा हात, देवमाशाचा पर, वटवाघळाचा पंख यांचं उलटं: हाडांची रचना एक, कामं निरनिराळी, म्हणून समजात. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमधल्या दुर्मीळ वटवाघळांची बातमी वाचलेली मुलंही वर्गीकरणात वटवाघूळ पक्ष्यांत टाकतात. पिलाला दूध पाजतं की नाही, एवढं आठवलं तरी पुरे.

ऊस आणि भात

फोटोसिंथेसिसचा (प्रकाशसंश्लेषणाचा) धडा म्हणजे बाणांचं जंगल. येळ्ळूरच्या शिवारातला भात सी-३ (पहिलं संयुग ३ कार्बनचं) आणि चिकोडी-अथणीकडचा ऊस सी-४ (पहिलं संयुग ४ कार्बनचं), हे लक्षात राहतं. चूक पुढे होते: ‘सी-४ वनस्पतीत केल्व्हिन चक्र नसतं.’ असतं! ऊसही साखर केल्व्हिन चक्रातूनच बनवतो, फक्त ते चक्र दुसऱ्या पेशींत चालतं. पानाच्या मेसोफिल पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि ४ कार्बनचं ऑक्झॅलोॲसेटिक आम्ल बनतं. त्याचं रूप बदलून ते शिरेभोवतीच्या बंडल शीथ पेशींत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केल्व्हिन चक्राचं एन्झाइम रुबिस्को कामाला लागतं. तिथे हा वायू दाट असल्यामुळे रुबिस्को ऑक्सिजनच्या नादी लागत नाही. भातात ते लागतं, त्यालाच फोटोरेस्पिरेशन म्हणतात. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग मांडला तो उसाच्या पानांवरच्या प्रयोगांतून. उत्तरात नावं चुकली तर एखादा मार्क जाईल. कुठल्या पेशीत काय घडतं हे चुकलं तर सगळंच जातं. एका कोऱ्या पानावर दोन चौकोन काढा, एक मेसोफिलचा, एक बंडल शीथचा, आणि पुस्तक मिटून बाण भरा.

याच धड्यातली दुसरी गडबड: ‘झाडं दिवसा फोटोसिंथेसिस करतात आणि रात्री श्वसन.’ श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा ते झाकलं जातं, एवढंच. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो म्हणून जे मेसेज फिरतात ते खोटे आहेत. झाडाने सोडलेला ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो.

उणे चिन्हाचा घोळ

पाणी कुठून कुठे वाहील हे वॉटर पोटेन्शियलवरून ठरतं: जास्तकडून कमीकडे. शुद्ध पाण्याचं वॉटर पोटेन्शियल शून्य. मीठ-साखर मिसळली की ते शून्याखाली उतरतं. एका पेशीचं उणे २, शेजारचीचं उणे ५, तर पाणी कुठे जाईल? निम्मा वर्ग ५ मोठे समजून उलटा बाण काढतो. पाणी उणे २ कडून उणे ५ कडे जातं. डोळ्यांनी बघायचं असेल तर ऱ्होओच्या पानाची खालची जांभळी साल काढून मिठाच्या पाण्यात ठेवा. आतला जांभळा भाग आक्रसून भिंतीपासून सुटतो.

३:१ म्हणजे चारातले तीन नव्हेत

मेंडेलच्या दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे आले, म्हणजे २.९६:१. इतके हजारो मोजले म्हणून ३ च्या इतकं जवळ. चारच दाणे घेतले तर चारही गोल निघू शकतात. आनुवंशिक आजाराच्या गणितातही ‘पहिली तीन मुलं निरोगी, म्हणून चौथं आजारी’ असं उत्तर लिहू नका. प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. तसंच डॉमिनंट (प्रभावी) म्हणजे सर्रास आढळणारं, हेही चूक. हाताला सहावं बोट येण्याचा एक प्रकार डॉमिनंट जीनमुळे होतो, पण किती जणांना असतं ते?

बारीकसारीक

व्हायरसला मोनेरात, म्हणजे बॅक्टेरियांच्या सृष्टीत, टाकू नका. व्हिटेकरच्या १९६९ च्या पाच सृष्टींत त्याला जागाच नाही. निपाणीकरांना तंबाखूच्या मोझॅक रोगाचं उदाहरण द्यायला हरकत नाही, व्हायरसच्या शोधाची सुरुवात इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये त्यावरूनच केली होती. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आकृती पेन्सिलने, नावांच्या रेघा एकमेकींना न छेदता.

नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) नादात प्रॅक्टिकलला दांडी मारणाऱ्यांचा हिशेब मला कळत नाही. नीटच्या १८० प्रश्नांतले ९० बायोलॉजीचे असतात, मान्य. पण पीयू बोर्डात थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३० आहे. शिवाय नीटला चुकीच्या उत्तराचा एक मार्क कापला जातो.