नव्या कर्नलवर जुनी सिस्टीम चालवताय? या चुका टाळा

सेंटओएस या लिनक्स डिस्ट्रोच्या (वापरायला तयार लिनक्स सिस्टीमच्या) आवृत्ती ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली, ७ ची ३० जून २०२४ ला. तरीही त्यांच्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर ठिकठिकाणी राबतंय. सोर्स कोड हाताशी नसेल तर नव्या डिस्ट्रोवर ते पुन्हा कंपाइल करता येत नाही. मग जुनी फाइलसिस्टीम कंटेनरमध्ये (त्याच मशीनवरची वेगळी चौकट) किंवा सीएचरूटमध्ये (प्रोग्रॅमला मूळ डिरेक्टरी म्हणून दाखवलेला फोल्डर) ठेवायची आणि खाली नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, चालवायचा. मार्ग चांगला आहे. युजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्रॅम, मोडायचं नाही हा नियम लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी कडकपणे पाळायला लावला, म्हणून हे मुळात शक्य होतं. पण लोक पुन्हा पुन्हा त्याच जागी अडकतात, कारण कर्नलने काय सांगितलंय ते न वाचताच बदल करायला घेतात.

१३९ दिसला की इमेज बदलत बसणं

एका टीमने होस्ट, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात ते मशीन, नव्या डिस्ट्रोवर नेला. सेंटओएस ६ चा कंटेनर सुरू होताच बंद पडू लागला. स्क्रीनवर एक अक्षर नाही, फक्त एक्झिट कोड १३९. त्यांनी इमेज (ज्यातून कंटेनर तयार होतो ती फाइल) पुन्हा उतरवली, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची आवृत्ती बदलली, रॅम तपासली आणि शेवटी होस्टवर परत जुनी सिस्टीम टाकायचं ठरवलं. तेव्हा मला बोलावलं. एवढ्या खटाटोपात होस्टवर कर्नलचे संदेश दाखवणारं ‘डीमेसेज’ कुणी चालवलंच नव्हतं. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं की प्रोग्रॅमने व्हीसिसकॉल वापरायचा प्रयत्न केला आणि या कर्नलवर तो ‘नन’ आहे, म्हणजे बंद.

१३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ हा सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल. ६४-बिट एक्स८६ वर वेळ विचारण्यासारखी कामं पटकन व्हावीत म्हणून पूर्वी मेमरीत एका ठरलेल्या पत्त्यावर व्हीसिसकॉलचं पान असायचं. पत्ता कायम एकच, त्यामुळे हल्लेखोरांचीही सोय झाली. पुढे हे काम व्हीडीएसओ या नव्या सोयीकडे गेलं, ज्याची मेमरीतली जागा दर वेळी बदलते. पण सेंटओएस ६ मधली जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी) २.१२ आहे आणि ती अजूनही त्या जुन्या पानावर उडी मारते. पान बंद असेल तर बॅश हा कमांड घेणारा शेलसुद्धा उभा राहत नाही. दोष ना इमेजचा, ना डॉकरचा. कर्नल बांधताना किंवा बूट करताना कुणीतरी ठरवलेली ती एक सेटिंग आहे.

उपाय म्हणजे होस्टच्या बूट पॅरामीटरमध्ये ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ लिहायचं आणि रीबूट करायचं. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ वर हेच त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या कर्नल कमांड लाइनमध्ये जातं. मी मात्र आधी ‘एक्सओन्ली’ देऊन बघतो. त्यात ते पान चालवता येतं, वाचता येत नाही, आणि बहुतेक जुन्या प्रोग्रॅमना तेवढं पुरतं. कुठूनतरी ओळ उचलून सगळ्या सर्व्हरवर एम्युलेट चिकटवणं मला अजिबात मान्य नाही. ही सेटिंग एका कंटेनरपुरती नसते, अख्ख्या मशीनला लागू होते. जिथे जुनी सिस्टीम चालते त्याच होस्टवर ती ठेवा.

एररचे शब्द जसेच्या तसे घेणं

फाइल ‘एलएस’च्या यादीत दिसते, पण चालवली की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. इथे गायब असतो तो त्या बायनरीचा (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमचा) लोडर, म्हणजे तिला मेमरीत चढवून सुरू करणारा प्रोग्रॅम, बहुधा ३२-बिटचा. बायनरीची माहिती दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’ला प्रोग्रॅम हेडर विचारा, तो लोडरचा मार्ग सांगतो. त्याऐवजी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर कर्नलमध्ये ३२-बिट एम्युलेशन आहे का ते बघा.

जुना इन्स्टॉलर ‘कर्नल २.६ हवा’ म्हणून अडून बसला तर त्याची स्क्रिप्ट फाडत बसू नका. ३.० आला २०११ मध्ये, त्याच्या आधीच्या अनेक स्क्रिप्टना २.६ सोडून दुसरा आकडा माहीतच नाही. ‘सेटआर्च’ या कमांडमध्ये प्रोग्रॅमला २.६ आकडा दाखवणारा ‘युनेम-२.६’ हा पर्याय याचसाठी दिलेला आहे.

कंटेनरमध्ये जुनं सिस्टमडी (सिस्टीम सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) बूट करायचा हट्टही सोडा. सेंटओएस ७ मधल्या आवृत्ती २१९ ला सीग्रुप व्ही२ (प्रोसेसचे गट करून त्यांना मेमरी-सीपीयू वाटून देणारी कर्नलची नवी पद्धत) कळत नाही, आणि नव्या होस्टवर तेच असतं. होस्टला व्ही१ वर परत नेण्याचा पर्याय काही काळ होता, सिस्टमडी २५८ मध्ये तो गेला. मी जुन्या वातावरणात इनिट, म्हणजे सिस्टमडीसारखा पहिला प्रोग्रॅम, चालवतच नाही, हवा तो प्रोग्रॅम थेट सुरू करतो. पूर्ण बूटच हवं असेल तर व्हर्च्युअल मशीन घ्या.

माउंट न काढता सीएचरूट पुसणं

ही चूक बघितली की मला खरोखर राग येतो, कारण तिला परतीची वाट नाही. आमच्या ओळखीच्या एका टीममध्ये एका नव्या मुलाने जुन्या सीएचरूटमध्ये सगळ्यांचं होम (वापरकर्त्यांच्या फाइलींचा फोल्डर) बाइंड माउंट केलं होतं. काम संपलं आणि घाईत त्याने तो फोल्डर ‘आरएम -आरएफ’ने उडवला. बाइंड माउंट ही प्रत नसते, तोच डेटा दुसऱ्या मार्गाने दिसत असतो. सगळ्यांच्या फाइली गेल्या. त्याने दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये न शिरण्याचा ‘वन-फाइल-सिस्टम’ हा पर्यायही दिला होता, कारण तो दिला की धोका नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पण होम आणि सीएचरूट एकाच पार्टिशनवर होते. ‘आरएम’ डिव्हाइस क्रमांक बघतो, तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून त्याला हद्द दिसलीच नाही.

पुसण्याआधी प्रोकमधल्या सेल्फखालच्या ‘माउंटइन्फो’ फाइलमध्ये, जिथे चालू माउंटची यादी असते, त्या फोल्डरचा मार्ग ग्रेप करा, म्हणजे शोधा. एकही ओळ आली तर थांबा. माउंटच्या जागा मी कायम ‘आरएमडीआयआर’ने काढतो, कारण तो फक्त रिकामाच फोल्डर काढतो. डेव्ह या डिव्हाइसच्या फोल्डरसाठी ‘आरबाइंड’ (आतल्या माउंटसकट बाइंड माउंट) वापरत असाल तर लगेच ‘मेक-आरस्लेव्ह’ द्या. नाहीतर आतलं अनमाउंट होस्टपर्यंत पोहोचतं आणि होस्टवरचं डेव्हखालचं पीटीएस, म्हणजे टर्मिनलांचं माउंटसुद्धा निघून जातं, मग नवं टर्मिनल उघडणं अवघड. हे सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर सीएचरूटऐवजी ‘सिस्टमडी-एनस्पॉन’ हे कंटेनर चालवणारं साधन वापरा. त्याचे माउंट वेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे होस्टपासून अलग कप्प्यात, राहतात आणि प्रोसेस संपली की आपोआप जातात.

कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलला जोडायचे भाग) कायम होस्टवरूनच लोड करा. आतल्या लिबमधली मॉड्यूल जुन्या कर्नलची असतात, ती इथे बसणार नाहीत. कंटेनरच्या आत कर्नल पॅकेज अपडेट करूनही काही होत नाही, चालू कर्नल होस्टचाच राहतो.

आणि कर्नल नवा आहे म्हणून आतली सिस्टीम सुरक्षित झाली असं धरू नका. आतलं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), आतली जीलिबसी, आतलं सगळं त्याच जुन्या तारखेचं आहे. मी अशा वातावरणाला बाहेरचं नेटवर्क देत नाही. फाइल द्यायची-घ्यायची असेल तर त्यासाठी एकच फोल्डर, आणि शक्य असेल तिथे तोही फक्त वाचण्यापुरता.