तिसरी-चौथीच्या मुलांकडून पसायदानाचे वाचन कसे बसवावे

पसायदान पाठ असलेले मूल वाचायला उभे केले की डोळे कागदावर आणि तोंडात चाल, असेच होते. ‘पाठच आहे, वाचेल की’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातल्या या नऊ ओव्या मोठ्या टायपात छापा, एका ओळीत एकच चरण. पहिल्या पानावर सहा ओव्या, दुसऱ्यावर तीन. पाचवी आणि सहावी एकाच पानावर हवी. कारण पुढे येईलच.

अर्थ आधी सांगून टाका. ‘भूतां’ म्हणजे प्राणिमात्रांना, हे न सांगितल्यास ऐन वेळी खुसखुस होते.

उच्चारांत तीन जागा पाहा. ‘देवें’, ‘तोषावें’ यांवरचे टिंब ‘म्’ किंवा ‘न्’ म्हणून वाचायचे नाही. ‘जावो’, ‘जडो’ यांतला ज ‘जावई’तला, ‘जीवाचें’मधला ‘जीभ’मधला. आणि ‘दृष्टादृष्टविजयें’चे ‘दुष्टादुष्ट’ होते; ते शेवटाकडून बांधा: विजयें, अदृष्टविजयें, दृष्टादृष्टविजयें. ‘ग्रंथोपजीविये’ही तसेच.

आता खरी अडचण: कुठे थांबायचे. प्रत्येक दंडाला, म्हणजे चरणाशेवटच्या उभ्या रेघेला, सारखे थांबले की वाचन पाढ्यांसारखे होते. दंड चरण संपल्याचे सांगतो, वाक्य संपल्याचे नाही. ‘दुरिताचें तिमिर जावो’ इथे वाक्य पुरे होते, थांबा. पण ‘भूतां परस्परें जडो’ इथे श्वास घेतला की काय जडो ते अधांतरी राहते. ‘मैत्र जीवाचें’ त्याच श्वासात आले पाहिजे. चौथ्या ओवीत ‘मांदियाळी’ला नुसते क्षणभर टेकायचे, कारण ‘भेटतु’ हे क्रियापद अगदी शेवटच्या चरणात येते.

सगळ्यात जास्त घोळ पाचवीत. ‘चलां कल्पतरूंचे अरव’पासून ‘पीयूषाचे’पर्यंत वाक्य पुरे होतच नाही, ते सहावीतल्या ‘सोयरे होतु’ला जाऊन संपते. मुले मात्र ‘पीयूषाचे’वर आवाज पाडतात आणि मोठी माणसे ‘छान!’ म्हणतात. तिथे आवाज वरच ठेवायला शिकवा. श्वास घ्यावाच लागेल, पण छोटा. मधे पान उलटावे लागले तर हे साधणारच नाही.

खुणा पेन्सिलीने करा: टेकायला एक तिरपी रेघ, थांबायला दोन. त्या मुलानेच, अर्थ विचारत विचारत करायच्या. तुम्ही आयत्या करून दिल्यात तर ते रेघा वाचते, ओवी नाही.

वेग: नऊ ओव्यांना दोन मिनिटांहून थोडे जास्त. माइक तोंडापासून वीतभर.

कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत कुठलीही ओवी मधूनच काढून वाचायला लावा. पाठ असलेले मूल अडले की थेट ‘आतां विश्वात्मकें’वर परत जाते. अडलेल्या चरणाच्या पहिल्या शब्दापासून पुन्हा उचलायचे, आणि ‘सॉरी’ म्हणायचे नाही.