कोऱ्या कापडाचा मीटरचा भाव कसा काढावा

"४०/४०, ९२-८०, पन्हा ४८. काय भाव?" व्यापाऱ्याचा फोन एवढाच असतो आणि उत्तर तो ठेवायच्या आत द्यायचे असते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून इथे हे गणित तोंडीच चालत आले आहे. नवा माणूस मात्र सूत आणि मजुरी मिळवून भाव सांगतो आणि वर्षाअखेर पैसे कुठे गेले ते शोधत बसतो. हेच कोरे (मागावरून उतरलेले, न धुतलेले-रंगवलेले) कापड उदाहरणाला घेऊ: उभे-आडवे दोन्ही सूत ४० काउंटचे, इंचात ९२ उभे धागे, ८० आडवे म्हणजे ८० पीक, पन्हा म्हणजे रुंदी ४८ इंच. पुढचे सगळे दर हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमचे दर त्या दिवशीच्या बाजाराचे घाला.

आधी सुताचे वजन

या धंद्यात मापांचा खिचडा आहे. काउंट गज-पौंडातले (८४० गजांच्या जितक्या लड्या एका पौंडात बसतात तितके काउंट), पीक इंचातले, कापड मीटरात, सूत किलोत. या सगळ्यांना जोडणारा आकडा १६९३. एक काउंटचे सूत किलोला १६९३ मीटर भरते, म्हणून ४० काउंटचे त्याच्या चाळीसपट.

उभे सूत: ९२ × ४८ = ४४१६ धागे, किनारीचे ६४ धरून ४४८०. ४४८० ÷ ४० ÷ १६९३ म्हणजे मीटरला ६६.१ ग्रॅम. पण उभा धागा कापडात वरखाली वळणे घेत जातो, त्यामुळे १०० मीटर कापडाला १०० मीटर बीम (रुळावर गुंडाळलेले उभे सूत) पुरत नाही. या आकसण्याला क्रिंप म्हणतात. इथे ६ टक्के धरला, की ७०.१ ग्रॅम होतात. त्यावर घट, म्हणजे वाया जाणारे सूत, २ टक्के, एकूण ७१.५ ग्रॅम. क्रिंप मात्र कोणाला विचारून घालू नका. सायझिंगवाल्याने (उभ्या सुताला खळ लावणाऱ्याने) बीमवर मारलेल्या दोन खुणांमधले कापड मोजा, खरा आकडा मिळतो.

आडवे सूत: ८० पीक × ५१ इंच = ४०८० मीटर. इंचाला इंचाने गुणून मीटर कसे आले? मीटरभर कापडात पीक ८० च्या ३९.३७ पट, आणि प्रत्येक पिकाची लांबी ५१ भागिले ३९.३७ मीटर. दोन्हीकडचा ३९.३७ उडून जातो. रुंदी ४८ न धरता ५१ धरली, कारण मागाच्या फणीत (उभे धागे जिच्यातून जातात तिच्यात) कापड रुंद असते, मागावरून उतरल्यावर आत येते. ४०८० ÷ ४० ÷ १६९३ म्हणजे ६०.२ ग्रॅम. साध्या मागावर कांडीची (आडव्या सुताच्या नळीची) घट जास्त, ती ३ टक्के धरून ६२ ग्रॅम.

आता भाव. उभे सूत किलोला २८० रुपये धरले तर २०.०२, आडवे २७० ने १६.७४. सुताचे एकूण ३६.७६ रुपये. भाव ५ किलोचा सांगितला असेल तर आधी किलोवर आणा. जीएसटीचे क्रेडिट मिळत असेल तर कर यात मिसळू नका.

काउंट तपासा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो. बाचक्यावर ४० लिहिले म्हणून सूत ४० चे होत नाही. १२० गज सूत रीळवर गुंडाळा, ग्रॅमच्या बारीक काट्यावर तोला आणि ६४.८ ला त्या वजनाने भागा. १.६२ ग्रॅम आले तर ४० काउंट. १.६८ आले तर सूत साडेअडतीसच्या आसपासचे, म्हणजे जाडे. मग मीटरला सुमारे ५ ग्रॅम सूत जास्त जाते, साधारण १ रुपया ३५ पैशांचे. किलोमागे १० रुपये भाव वाढला तर जेवढा फटका बसतो, तेवढाच हा. किलोला ८ रुपये स्वस्त मिळाले म्हणून आनंदाने आणलेले सूत असे महागात पडते.

सायझिंग आणि विणाई

सायझिंग उभ्या सुताच्या किलोवर: २२ रुपये दराने १.५७. खर्चीवाल्याकडून (मजुरीवर विणून देणाऱ्याकडून) विणून घेत असाल तर मजुरी पिकावर: ८ पैसे × ८० = ६.४०. अर्ध्या पैशासाठी बैठकांवर बैठका होतात. तो अर्धा पैसा या कापडाला मीटरला ४० पैसे पडतो, वरच्या जाड्या सुताच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

स्वतःचे माग असतील तर मिनिटाला १५० पीक आणि ८० टक्के कार्यक्षमता धरा. १२ तासांच्या पाळीत ८६,४०० पीक पडतात. मीटरला ३१५० पीक लागतात, म्हणजे एका मागावर २७.४ मीटर. पाळीची मजुरी, वीज, तेल, स्पेअर, भाडे, कर्जाचे व्याज मिळून मागाला १७५ रुपये येत असतील, तर मीटरला ६.४० च येतात. पण बीमला तारा (उभे धागे) तुटत राहिल्या आणि कार्यक्षमता ७० वर आली, तर कापड २४ मीटर आणि खर्च ७.३० होतो.

जे कोणी धरत नाही

सूत, सायझिंग आणि विणाई मिळून आतापर्यंत ४४.७३ झाले. मेंडिंग (विणाईतले दोष काढणे), फोल्डिंग, पॅकिंग, गाडीभाडे ६० पैसे: ४५.३३. मग उधारी. सूत रोखीने घेतले आणि कापडाचे पैसे ६० दिवसांनी आले, तर वर्षाला १२ टक्क्यांनी मीटरला ९० पैसे व्याज. शंभरात ३ मीटर सेकंड (दोषाचे कापड) निघून तीस टक्के कमी भावाने गेले, तर त्याचे ४२ पैसे. दलाली एक टक्का, ४७ पैसे. पडतळ, म्हणजे सगळा खर्च धरून पडलेली किंमत, झाली ४७.१२. नफा अजून धरलेलाच नाही, आणि शेवटी व्यापारी वटाव (सूट) मागेल तो वेगळा.

४४.७३ वर थांबलेला माणूस ४६ ला सौदा करून खूश होतो. दहा हजार मीटरच्या त्या सौद्यात त्याचे ११,२०० रुपये गेलेले असतात.

भाव सांगताना मुदतही सांगा. किलोला १० रुपये हलले की हे कापड मीटरला १ रुपया ३३ पैशांनी हलते, म्हणून "आजच्या सुतावर, दोन दिवस" एवढे बोलून ठेवायचे.

आणि पहिला तागा उतरला की काट्यावर घाला. घट वगळून सूत १३०.३ ग्रॅम आणि सुमारे ७ ग्रॅम खळ, म्हणजे १०० मीटरचा तागा १३.७ किलोच्या आसपास भरायला हवा. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने थोडा चढतो, ते सोडून द्या. पण कोरड्या दिवसांत काटा १४.२ दाखवत असेल, तर आधी पीक मोजा, मग वर सांगितल्याप्रमाणे १२० गज सूत तोला.