मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो: फ्लॅट आणि बायस चुकवू नका

खोल आकाशाची फोटोग्राफी शिकायला डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ लेन्स, न हलणारा ट्रायपॉड आणि इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारा रिमोट) एवढं पुरतं. पहिलं लक्ष्य एम ४२, म्हणजे मृग नक्षत्रातला तेजोमेघ. मृगाच्या पोटात ओळीने तीन तारे दिसतात, त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची छोटी उभी रांग आहे. तिच्या मधोमध धुरकट दिसतो तोच. डिसेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस. पुण्याहून तो मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) सुमारे ६६ अंश उंच चढतो, त्यामुळे क्षितिजाजवळची धूळ आणि गावाचा उजेड फारसा आड येत नाही.

एक्स्पोजर किती ठेवायचं? आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, आणि एम ४२ खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे हा वेग जवळजवळ पूर्ण मिळतो. एक पिक्सेल किती विकलांचा हे काढायला पिक्सेलचा आकार (मायक्रॉनमध्ये) गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थ. ३.९ मायक्रॉन आणि ५० मिमीला उत्तर साधारण १६ विकला येतं. तीन सेकंदांत तारा तीनेक पिक्सेल सरकेल, तेवढं चालतं. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा जुना नियम क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमहून लहान, म्हणून आणखी दीडने भागून) साडेसहा सेकंद देतो. आजच्या बारीक पिक्सेलवर त्यात तारे उघडउघड लांबट होतात. १३५ मिमी लावलीत तर एका सेकंदावर या.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, एफ/२.८, ३ सेकंद, आयएसओ १६००, फाइल रॉ. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशन असेल तर तेही बंद. फोकस व्याधावर करा: लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून रिंग हळूहळू फिरवा, तारा सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. ही पट्टी शेवटचा फ्लॅट (लेन्सवर पांढरा कपडा ताणून काढलेली, सगळीकडे सारख्या उजेडाची फ्रेम) निघेपर्यंत काढायची नाही.

निदान ४०० फ्रेम्स घ्या. यादृच्छिक नॉइज फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे ४०० फ्रेम्सना वीसपट. दर पाच मिनिटांनी मृग पुन्हा चौकटीत मधोमध आणा, पण हुबेहूब त्याच जागी नको. दहा-वीस पिक्सेल इकडेतिकडे पडू द्या. आकाश एकाच दिशेने सरकत राहिलं की सेन्सरचे डाग स्टॅकिंगनंतर (सगळ्या फ्रेम्स जुळवून एकत्र केल्यावर) तिरप्या रेघा बनून उमटतात. अशी थोडी हलवाहलव हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सह्याद्रीत रात्री दव पडतं. लेन्सच्या पुढच्या काचेवर टॉर्चचा तिरपा उजेड टाकून अधूनमधून बघत जा.

आता कॅलिब्रेशन. लाइट फ्रेममध्ये, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष फोटोत, आकाशाच्या उजेडाखेरीज दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये स्वतःहून घालतो तो ठरावीक आकडा, म्हणजे बायस. दोन, लेन्सच्या कडांची अंधारी आणि सेन्सरवरची धूळ, ज्यांमुळे काही भागांना उजेड कमी मिळतो. पहिली गोष्ट (ती बायस फ्रेम्समधून कळते) वजा करायची, दुसरीने (ती फ्लॅट फ्रेम्समधून कळते) भागायचं, आणि क्रम हाच. का ते आकड्यांत बघा. अनेक कॅनन कॅमेऱ्यांत बायस २०४८ असतो. समजा आकाशाचा उजेड मध्यभागी ४०० भरला आणि कोपऱ्यात निम्मा, २००. फाइलमध्ये २४४८ आणि २२४८ असे आकडे येतील. बायस आधी वजा केला तर ४०० आणि २०० उरतात, कोपऱ्याला ०.५ ने भागलं की दोन्हीकडे ४००, पार्श्वभूमी सपाट. वजा न करताच भागलं तर मध्यभागी २४४८ आणि कोपऱ्यात ४४९६! कोपरे पांढरे फटक पडलेले दिसले की ही चूक झाली असं खुशाल समजा. उलट कोपरे काळेच राहिले, तर बहुधा फ्लॅटमधून बायस वजा व्हायचा राहिला आहे किंवा फ्लॅट घेताना बाजूने उजेड शिरला आहे.

फ्लॅट लाइट्स संपल्या संपल्या, त्याच जागी घ्या. फोकस, अ‍ॅपर्चर, आयएसओ जसेच्या तसे. लेन्स काढायची नाही. धुतलेला पांढरा सुती कपडा दुहेरी करून लेन्सवर ताणा, रबरबँड लावा, सुरकुती राहू देऊ नका. त्यावर टॅबलेट पूर्ण पांढऱ्या पडद्यासह धरा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून एक तृतीयांश ते मध्य यांच्या दरम्यान हवा. शटर १/३० सेकंदापेक्षा मंद ठेवा, नाहीतर पडद्याच्या लुकलुकण्याने फ्रेमवर आडवे पट्टे येतात. उजेड जास्त वाटला तर कपड्याची आणखी एक घडी. अशा ३० फ्रेम्स.

बायस अगदी सोपे: झाकण लावा, तोच आयएसओ, कॅमेऱ्याचा सर्वांत वेगवान शटर, ५० फ्रेम्स. हे घरी घेतले तरी चालतात आणि पुढच्या वेळीही वापरता येतात.

डार्क फ्रेम्सचा (झाकण लावून, लाइट्सएवढ्याच एक्स्पोजरच्या) आग्रह पहिल्याच रात्री धरू नका. तीन सेकंदांत सेन्सरच्या उष्णतेचा वाटा नगण्य असतो, तिथे बायस पुरतो. वेळ कमी असेल तर डार्क सोडा, फ्लॅट नको. धुळीची वलयं नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट पुसली जात नाहीत.

सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एका फोल्डरमध्ये लाइट्स, फ्लॅट्स, बायसेस असे तीन उपफोल्डर करा. नावं इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी. रंगीत कॅमेऱ्याची, डार्कविना चालणारी स्क्रिप्ट निवडून चालवा. निकाल काळाकुट्ट दिसेल, घाबरू नका: माहिती अजून ताणलेली नाही, म्हणजे मंद भाग उजळवलेले नाहीत. व्ह्यू ऑटोस्ट्रेचवर टाका. सरकण्यामुळे कडा खराब झालेल्या असतात, त्या आधी कापा. मग पार्श्वभूमीचा उतार काढा, प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे फोटोतले तारे ओळखून आकाशातली जागा ठरवू द्या (फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचा आकार विचारेल), ताऱ्यांवरून रंग जुळवा आणि सगळ्यात शेवटी हिस्टोग्राम ताणा. आधी ताणून मग पार्श्वभूमी साफ करायला गेलात तर मेघाच्या मंद कडा तिच्याबरोबर जातात.

हे जमलं की मग ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्या. तो ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायचा असतो. महाराष्ट्रातून ध्रुवतारा १६ ते २२ अंशच वर असतो, म्हणून उत्तरेला डोंगर किंवा झाडी नसलेली जागा दिवसाउजेडी बघून ठेवा. एक्स्पोजर मिनिटावर गेलं की डार्क लागतातच: तोच आयएसओ, तेवढाच वेळ आणि तेच तापमान. सेन्सरचा अंधार-प्रवाह साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो, तेव्हा उबदार गाडीत बसून घेतलेले डार्क उपयोगाचे नाहीत. झाकण आणि व्ह्यूफाइंडर बंद करून, बाहेरच्या थंडीतच २०-३० घ्या. मिनिटभराच्या फ्रेममध्ये एम ४२ चा गाभा जळून पांढरा होतो, म्हणून त्याच रात्री ५ सेकंदांच्या ३० फ्रेम्स वेगळ्या घ्या, वेगळ्या स्टॅक करा आणि गाभा त्यातून उचला. फ्लॅट दोन्हींना तेच चालतात.