चिनी सहकाऱ्याच्या इंग्रजीत काळ कुठे शोधायचा?

चीनमधल्या पुरवठादाराशी इंग्रजीत व्यवहार असेल, तर वाक्याचा काळ क्रियापदावरून ठरवू नका. मँडरिनमध्ये क्रियापद काळानुसार बदलतच नाही. ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द किंवा क्रिया पुरी झाल्याचं दाखवणारा ‘ले’ ते काम करतात. म्हणून ‘यस्टरडे आय सेंड सॅम्पल’ असं सहज लिहिलं जातं. इथे ‘यस्टरडे’ आहे, त्यामुळे निभावतं. नुसतं ‘वुई शिप द गुड्स’ आलं, तर माल निघाला की निघणार आहे, ते तारखेसकट विचारून घ्या.

सगळ्यात महागात पडतो तो नकारार्थी प्रश्न. ‘यू हॅवन्ट शिप्ड इट?’ला ‘येस’ असं उत्तर आलं, तर बहुधा ‘बरोबर, नाही पाठवला’ असं म्हणायचं असतं. मराठीत आपणही ‘हो, नाही पाठवला’ म्हणतोच की! तेव्हा ‘माल कोणत्या तारखेला निघाला?’ असा सरळ प्रश्न टाका.

‘अ’, ‘द’ गाळणं, अनेकवचनाचा ‘एस’ विसरणं याने फारसं अडत नाही. ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘बट’ येतं, तेही आपल्या जरी-तरीसारखंच. त्यावरून कुणाला कमी लेखू नये.

फोनवर मात्र ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल होते, कारण मँडरिनमध्ये तो आणि ती लिहायला वेगळे असले तरी उच्चार एकच. कुणाबद्दल बोलणं चाललंय याची शंका आली, तर सर्वनाम सोडून त्या व्यक्तीचं नाव घेऊन विचारा.