पकडणं सोपं, सोडवणं महाग: कार्बन कॅप्चरमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

आमच्या गच्चीवरून भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात. केमिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा त्या धुराशी आपला कधी संबंध येईल असं मनातही नव्हतं. आज सात वर्षं मी तेच काम करतोय: कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड रासायनिक द्रावणात पकडायचा. जळगाव-धुळ्याकडची मुलं सुट्टीत भेटली की विचारतात, "दादा, यात यायचं तर काय करावं लागतं?" त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगतो, ते इथे सलग लिहितोय.

आधी काम समजून घ्या. मे महिन्यात घरचा कुलर उघडून बघा. पंप वरून पाणी सोडतो, ते गवतावरून झिरपतं आणि बाहेरची हवा त्यातून आत येते. आमचा अॅब्सॉर्बर टॉवर तसाच. गवताच्या जागी स्टीलच्या पन्हळी पत्र्याचं पॅकिंग आणि पाण्याच्या जागी मोनोइथेनॉलअमाईन या अमाईन गटातल्या रसायनाचं साधारण ३० टक्के द्रावण. ते वरून उतरतं, धूर खालून चढतो. धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो. ४० ते ६० अंशांना अमाईन त्याला धरून ठेवतं. कुलरचं गवत एका बाजूने कोरडं राहिलं की तिथूनच गरम वारा घुसतो, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. टॉवरमध्येही द्रावण सारखं पसरलं नाही की धूर कोरड्या वाटेने निसटतो. हे ज्याला नीट कळलं, त्याला मास ट्रान्सफरचा, म्हणजे पदार्थ वायूतून द्रवात कसा जातो याचा, निम्मा विषय कळला.

भरलेलं द्रावण मग स्ट्रिपर नावाच्या दुसऱ्या टॉवरमध्ये जातं. तिथे वाफेने सुमारे १२० अंशांपर्यंत तापवलं की वायू सुटतो आणि मोकळं झालेलं अमाईन परत फिरतं. पद्धत नवी नाही, अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना १९३० मध्येच तिचं पेटंट मिळालं होतं. मग प्रत्येक वीजकेंद्रात ती का नाही?

याचं उत्तर मला पुस्तकाने दिलं नाही, एका जुन्या ऑपरेटरने दिलं. मी नुकताच पायलट प्लांटवर रुजू झालो होतो आणि आम्ही ९० टक्के वायू कसा पकडतो ते त्यांना उत्साहाने सांगत होतो. ते म्हणाले, "अरे भो, ते ठीक आहे. पण एवढी वाफ तू आणतो कुठून?"

त्या रात्री हिशोब मांडला. एक टन वायू सोडवायला मोनोइथेनॉलअमाईनला साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे कमी दाबाची जवळपास पावणेदोन टन वाफ. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला साधारण साडेचारशे टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यातला ९० टक्के पकडायचा तर तासाला सातशे टन वाफ हवी. त्या संचाचा बॉयलर मुळात पंधराशे-सोळाशे टन वाफ देतो! टर्बाईनच्या तोंडचा घास काढून घ्यायचा म्हणजे वीज घटणार. तेव्हापासून कुणी नवं द्रावण दाखवलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पकडतं ते राहू द्या, सोडायला किती वाफ मागतं? पिपराझिन, एएमपी अशा दुसऱ्या अमाईनांच्या मिश्रणांवर जगभर काम चाललंय ते याचसाठी.

दुसरा धडा फेसाचा. एका रात्रपाळीत टॉवरमधला दाबाचा फरक चढत गेला आणि द्रावण फेसाळून वायूबरोबर बाहेर पडू लागलं. मी घाईने फेस मोडणारं औषध भरपूर घातलं. दोन तास बरं वाटलं, नंतर पुन्हा तेच. सकाळी वरिष्ठांनी नमुन्याची बाटली माझ्या हातात दिली आणि हलवायला सांगितलं. नवं अमाईन पाण्यासारखं स्वच्छ असतं. बाटलीतलं काळ्या चहासारखं झालं होतं. फेस बसता बसेना. तळाशी करडा गाळ होता, बोटावर घेतला तर पावडरीसारखा मऊ. राख. फिल्टर वेळेवर बदललाच नव्हता आणि ती जबाबदारी माझी होती. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे परदेशी प्लांटची आकडेवारी जशीच्या तशी इथे लावता येत नाही. राखेसोबत सल्फर डायऑक्साइडही अमाईन खातो आणि परत न सुटणारे क्षार करून ठेवतो. म्हणून धूर आधी धुवायचा, मगच टॉवरमध्ये घ्यायचा.

अभ्यासाचं म्हणाल तर थर्मोडायनॅमिक्स, मास ट्रान्सफर आणि हीट ट्रान्सफर, या तिन्हींत कच्चं राहू नका. डीडब्ल्यूसिम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी बसून शिकता येतं. टायट्रेशनला कमी लेखू नका. द्रावणात किती वायू भरलाय हे आजही ब्युरेटने काढावं लागतं, आणि ज्याचा हात तिथे स्थिर त्याच्या आकड्यावर सगळे विश्वास ठेवतात. पुढे संशोधन करायचं असेल तर गेट ही प्रवेश परीक्षा द्या. आयआयटी मुंबईत या विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे.

नोकरी मात्र सरळ "कार्बन कॅप्चर" नावाने शोधू नका, जागा अजून थोड्या आहेत. तुतीकोरिनला २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरचा वायू पकडून सोडा अॅश (सोडियम कार्बोनेट) करणं सुरू झालं, विंध्याचलला एनटीपीसीचा दिवसाला २० टनांचा प्लांट आहे. पण अमाईन खऱ्या अर्थाने शिकायचं तर खत कारखाना, रिफायनरी किंवा नैसर्गिक वायूतले आम्लधर्मी वायू काढणारा गॅस स्वीटनिंग प्लांट गाठा. तिथे हेच टॉवर वर्षानुवर्षं चालतात. आपल्याला लांब जायचीही गरज नाही, भुसावळहून सुरतेची गाडी धरली की तापीच्या मुखाशी हजिरा आहे, असे कारखाने तिथे आहेत. माझी पहिली दोन वर्षं अशाच एका युनिटवर गेली आणि ती सगळ्यात जास्त कामाला आली.

आपल्या भागातल्या मुलांनी एक प्रश्न आवर्जून हाताळावा असं मला फार वाटतं, तो पाण्याचा. टॉवरमध्ये शिरण्याआधी धूर चाळीसेक अंशांवर आणावा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो. हवा कोरडी असल्याने कूलिंग टॉवर चांगलं काम करतो, पण पाण्याची वाफ करूनच. तापीचं पाणी केळीलाही लागतं आणि दीपनगरलाही. कॅप्चर प्लांट आला तर त्याचीही तहान त्यात मिळेल. कमी पाण्यात हे कसं बसवायचं, यावर प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. तुम्ही करणार असाल तर उन्हाळ्यातलीच आकडेवारी घ्या, एप्रिल ते जून, दुपारी दोनची.