वचनावरून चित्र काढताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की चर्चच्या युवक संघात आणि संडे स्कूलमध्ये ब्रश बाहेर निघतात. गव्हाण, तीन ज्ञानी पुरुष, वर तारा. रंग बरे असतात, हातही बसलेला असतो, तरी चित्रापुढे कुणी थांबत नाही. बहुतेक वेळा कारण एकच: चित्र वचनावरून, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्यावरून, काढलेलं नसतं, आधी पाहिलेल्या चित्रावरून काढलेलं असतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. मागी लोक, म्हणजे हे ज्ञानी पुरुष, किती होते, हे तिथे सांगितलेलंच नाही. भेटवस्तू तीन, म्हणून परंपरेने माणसंही तीन केली. शिवाय ते घरात येतात, गव्हाणीपाशी नव्हे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात शौल (पुढचा संत पौल) जमिनीवर पडतो, पण घोड्याचा उल्लेख नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने तरी घोडा काढला आणि अर्धंअधिक चित्र त्यालाच दिलं. तेव्हा परंपरेतलं काही घ्यायचंच नाही असं मुळीच नाही. फक्त काय कुठून घेतलं, हे आपल्याला ठाऊक हवं. येशूच्या चेहऱ्याचंही तेच. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांत, त्याच्या रंगरूपाचं वर्णन नाही. लांब तपकिरी केसांचा, एका बाजूला पाहणारा जो चेहरा अनेक घरांत लावलेला दिसतो, तो शिकागोच्या वॉर्नर सालमन या चित्रकाराने १९४० साली रंगवला. त्याचीच नक्कल करत बसलात तर तुमची भक्ती चित्रात उतरायला जागाच उरत नाही.

यावर उपाय साधा आहे. उतारा मोठ्याने वाचा आणि त्यातल्या हालचाली कागदावर उतरवा: कोण धावतं, कोण वाकतं, कोण मागे राहतं. पेन्सिल त्यानंतर.

पूर्ण गोष्ट एकाच चौकटीत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उधळ्या पुत्राचं, म्हणजे पैसा उडवून बापाकडे परतणाऱ्या मुलाचं, चित्र म्हणून डुकरं, शेंगा, वाट, बाप, अंगठी, पुष्ट वासरू सगळं कॅनव्हासवर येतं आणि नजर कुठेच ठरत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात बाप मुलाला दुरूनच पाहतो, कळवळतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. यातला एक क्षण निवडा. डच चित्रकार रेम्ब्रांटचं याच गोष्टीवरचं, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं चित्र नीट पाहा. धावणं संपलंय. मुलगा गुडघ्यांवर, डोकं भादरलेलं, एका पायातला झिजका जोडा निसटलेला, तळवा आपल्याकडे. बापाचे दोन्ही हात पाठीवर. उजवीकडे ताठ उभा असलेला माणूस थोरला भाऊ मानला जातो; वचनात तो त्या वेळी शेतात आहे. रेम्ब्रांटने त्याला तिथे उभा केला, कारण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग त्याच्यापाशी आहे. वचनापासून असं दूर जायचं तर इतकं भक्कम कारण हवं.

साडी नेसवली म्हणजे झालं?

मरियेला नऊवारी, योसेफाला पागोटं, मागे कौलारू घर. पण उभं राहणं, हात जोडणं सगळं युरोपातल्या छापील चित्राचं. वेशांतर आणि चित्र यात फरक आहे. गोव्याच्या सांतो इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मुंबईची जे. जे. कलाशाळा सोडून शांतिनिकेतनला गेले, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले. त्यांच्या मरियेच्या अंगावर साडी आहेच, पण तिचं बसणं, मान झुकवणं आणि चित्रातली रेषाही इथलीच आहे. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहे. जमलं तर जाऊन बघा. आपल्याकडे बाळाला कडेवर घेतलेली बाई कशी उभी राहते, एक कंबर कशी बाहेर काढते, हे आधी वहीत रेखाटा. नेसणं मग आपोआप जमतं.

आता थोडं सामानाचं. प्रभामंडळ सोनेरी रंगाने भरलं की डोक्यामागे पितळी ताट टांगल्यासारखं दिसतं. खाली तांबूस मातकट थर द्या, सोनेरी पातळ लावा आणि चित्रात एकाच ठिकाणी ठेवा. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक नाही. ते पुढे सुटतं. चर्चमध्ये बाजूच्या खिडक्यांतून उजेड येतो, म्हणून चकचकीत व्हार्निशऐवजी मॅट घ्या. ऑइल असेल तर व्हार्निशआधी काही महिने सुकू द्या.

वचन चित्रावर लिहायचं असेल तर जागा कच्च्या रेखाटनातच सोडा. शेवटी कोपऱ्यात कोंबलेली अक्षरं वेलांट्या आणि रफार एकमेकांत अडकवतात. आधी बटर पेपरवर लिहून मापा, आणि शब्द तुमची मंडळी वाचते त्याच भाषांतराशी ताडून घ्या. नाहीतर चित्राऐवजी शुद्धलेखनावरच चर्चा होते.

कोकणात, वसईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. जलरंगाचं चित्र तिथे लावलंत तर कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. आतली भिंत निवडा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.